पेन्शन बंद होईल असा फोन आला तर

माझे मामा पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीनंतर साताऱ्यातच राहिले. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी पेपर वाचत बसले असताना त्यांना फोन आला. पलीकडचा आवाज नम्र होता. "काका, कोषागार कार्यालयातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला सिस्टीमला दिसत नाहीये. आज अपडेट झाला नाही, तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद." मामा गडबडले. मग त्यानेच धीर दिला, "घाबरू नका, मी इथूनच करून देतो. तपशील बरोबर आहेत का, एवढंच सांगा." आणि त्याने वाचून दाखवलं. पूर्ण नाव, नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीची तारीख ३१ मे २०१७, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, बँकेची शाखा, वारस म्हणून मामींचं नाव. एकही चूक नाही. मामा प्रत्येक गोष्टीला "हो, बरोबर" म्हणत गेले. मग मोबाइलवर आकडे आले, तेही त्यांनी सांगितले. एकदा नव्हे, तीनदा. अर्ध्या तासात खात्यातून १ लाख ८४ हजार रुपये गेले.

नंतर मामा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "अगं, इतकं बिनचूक सांगणारा माणूस हापिसातलाच असणार ना?"

या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणून हा लेख लिहितेय. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे वाक्य मामांनी शंभर वेळा ऐकलं होतं. बँकेच्या भिंतीवर ते चिकटवलेलं आहे, मध्यंतरी फोन लावला की रिंगऐवजी तेच ऐकू यायचं. तरीही त्यांनी ओटीपी सांगितला, कारण त्यांच्या मते ते "कुणाला" सांगत नव्हते, कार्यालयाला सांगत होते. त्यामुळे ओटीपीपेक्षा आधी त्या बिनचूक माहितीचं कोडं सोडवायला हवं.

आपली माहिती कितीजणांकडे असते, याचा कधी हिशेब केलाय? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचं पेन्शन प्रकरण त्याच्या कार्यालयातून महालेखापालांकडे जातं, तिथून पीपीओ निघतो, तो कोषागारात येतो, पुढे बँकेत. प्रत्येक टेबलावर एक प्रत. त्याशिवाय आपण स्वतः काढलेल्या झेरॉक्स. गॅस एजन्सी, सिमकार्डाचं दुकान, पतसंस्था, विमा एजंट, दवाखान्यातला मेडिक्लेमचा अर्ज. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत आपण तिथेच टोपलीत टाकून येतो. निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी "माझं फरकाचं बिल अडकलंय, कुणी सांगेल का" म्हणून पीपीओचा फोटोच टाकतो. त्या गटात दोनशे चाळीस माणसं असतात आणि त्यातली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि आपला सेवापूर्ती सोहळा. निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स, फेसबुकवरचे शाल-श्रीफळाचे फोटो. मी कौतुकाच्या आड येत नाही, पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा सत्कार व्हायलाच हवा. पण त्या पत्रिकेवर काय काय असतं ते बघा. नाव, हुद्दा, खातं, निवृत्तीची तारीख. आता राज्यातला तृतीय श्रेणी कर्मचारी ५८ पूर्ण झाल्यावर महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे पत्रिकेवरून जन्माचा महिना आणि साल कळलंच. त्यात ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत लावलेली जन्मतारीख १ जून आहे. मामांचीही. ३१ मे २०१७ ला निवृत्त झालेल्या माणसाची जन्मतारीख १ जून १९५९ असणार, हा अंदाज बांधायला कुठलाही संगणक फोडावा लागत नाही. आणि एटीएमचा पिन म्हणून जन्मसाल ठेवणारे आपल्यात अजूनही खूप आहेत.

काही वेळा मात्र माहिती अशी तुकड्यातुकड्यांनी जात नाही, कुठल्या तरी कार्यालयातून किंवा कंत्राटदाराकडून अख्खी यादीच बाहेर पडते. तिथे निवृत्त माणूस काहीच करू शकत नाही. म्हणूनच सगळा दोष सत्तरीच्या माणसाच्या भोळेपणावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या देशात आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने ती सांभाळायची आहे, आणि सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तोवर आणि त्यानंतरही आपण एक गोष्ट धरून चालावं: आपलं नाव, जन्मतारीख, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक हे सगळं कुणाच्या तरी हाती पडलेलं आहे. ते सांगता येणं हा कार्यालयातला असल्याचा पुरावा नाही.

मग पुरावा कशाचा धरायचा? फोन कुणी केला, याचा. तुम्ही पासबुकावर छापलेल्या नंबरावर फोन लावलात, तर पलीकडे बँक आहे. तुम्हाला फोन आला, तर पलीकडे कोण आहे हे तुम्हाला माहीत नाही, मग तो काहीही सांगो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६०० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायला सांगितलं आहे, त्याचा थोडा उपयोग होतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून, बोधचिन्ह लावलेल्या डीपीवरून आलेला "बँकेचा" फोन तिथेच संशयास्पद ठरतो. पण फोनवर दिसणारा नंबर बदलून दाखवता येतो, त्यामुळे नंबर ओळखीचा दिसला म्हणूनही विसंबू नये. "बरं, मी दुपारी शाखेत येतो" म्हणून फोन ठेवावा. खऱ्या कर्मचाऱ्याला त्याचा राग येत नाही. उलट त्याचं काम कमी होतं.

तीन ओटीपींनी काय झालं

मामांना वाटत होतं, ओटीपी म्हणजे पावती. काम झाल्याची खूण. ओटीपी प्रत्यक्षात सहीसारखा असतो. कुठल्यातरी कागदाखाली आपण सही करतो तसा. फरक इतकाच की कागद आपल्यासमोर नसतो, तो पलीकडच्याच्या संगणकावर उघडलेला असतो.

बँकेगणिक पायऱ्या थोड्या बदलतात, पण साधारण प्रकार असा. नेट बँकिंगच्या पानावर "पासवर्ड विसरलात का" अशी सोय असते. तिथे खाते क्रमांक, जन्मतारीख, कुठे डेबिट कार्डाचा तपशील विचारतात. ही माहिती त्या माणसाकडे होती, कार्डावरचे आकडे त्याने "खातं जुळवायचंय" म्हणून बोलता बोलता काढून घेतले. मग बँक खात्रीसाठी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. तो पहिला आकडा. तो सांगताच नवा पासवर्ड त्याच्या हातात. पैसे पाठवण्यासाठी आधी समोरच्याचं खातं जोडावं लागतं, त्याचा दुसरा ओटीपी. "काका, पहिला एक्स्पायर झाला, आता आलेला सांगा." आणि रक्कम पाठवताना तिसरा.

मामांच्या मोबाइलवर ते तिन्ही मेसेज अजून आहेत. मी वाचले. प्रत्येकात आकड्याच्या आधी किंवा नंतर स्पष्ट लिहिलंय की हा ओटीपी कशासाठी आहे. तिसऱ्यात तर रक्कमही आहे. पण मेसेज इंग्रजीत, अक्षर बारीक, चष्मा टेबलावर, कानाशी फोन, आणि पलीकडून "लवकर सांगा, दहा सेकंद राहिलेत". अशा वेळी माणूस फक्त आकडे वाचतो. म्हणून फोन चालू असताना आलेला कुठलाही मेसेज वाचून दाखवायचा नाही, हे आमच्याकडे आता ठरलं आहे. आधी फोन ठेवायचा, मग चष्मा लावायचा, मग मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायचा.

आणखी एक गोष्ट. खाते क्रमांक माहीत असलेला माणूस त्या खात्यात पैसे भरू शकतो, काढू शकत नाही. काढायला ओटीपी, पिन, पासवर्ड, कार्डामागचे तीन आकडे किंवा बोटाचा ठसा यांपैकी काहीतरी लागतं. पेन्शन "पाठवायला" यातलं काहीच लागत नाही. पेन्शन जमा करण्यासाठी, फरक देण्यासाठी, महागाई भत्ता वाढवण्यासाठी पिन मागणारं कार्यालय या देशात नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना सतत सांगत असते की ती फोनवर, मेसेजवर किंवा समाजमाध्यमांवर आधार, पॅन, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा सदस्य क्रमांक), बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागत नाही. केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयानेही, आपल्या नावाने व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर फॉर्म पाठवून पेन्शन बंद होण्याची भीती घालणाऱ्यांबद्दल निवृत्तांना सावध केलं आहे.

हयातीचा दाखला फोनवर बोलून होतच नाही

ही सगळी फसवणूक उभी असते ती एका भीतीवर: पेन्शन बंद होईल. ही भीती खोटी नाही. दाखला दिला नाही तर पेन्शन खरोखर थांबतं, आणि ज्या घरात औषधांचा खर्च त्यावर चालतो तिथे एक महिनाही जड जातो. पण ते थांबतं कसं आणि सुरू कसं होतं, हे नीट कळलं की फोनवरच्या माणसाच्या हातातली काठीच निघून जाते.

हयातीच्या दाखल्याचा हेतू एकच, तुम्ही जिवंत आहात याची खात्री. ती खात्री मुख्यतः दोन प्रकारे होते. एक, तुम्ही स्वतः कुणा अधिकाऱ्यासमोर जाऊन सही करता. राज्याच्या निवृत्तांसाठी नोव्हेंबरमध्ये कोषागाराकडून बँकेच्या शाखेत यादी येते, त्यात आपल्या नावासमोर सही करायची. दोन, जीवन प्रमाण. ही केंद्राची योजना १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे. त्यात आधारशी जोडलेलं यंत्र तुमच्या बोटाचा ठसा, डोळ्याची बुबुळं किंवा २०२१ पासून तुमचा चेहरा तपासतं. काम झालं की प्रमाण आयडी मिळतो. पोस्टमन घरी येऊनही हे करतो, त्याचे ७० रुपये पडतात. स्टेट बँकेसारख्या काही बँकांनी व्हिडिओवरूनही सोय केली आहे, पण ती तुम्ही बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन सुरू करायची असते. आपणहून व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल करणारा माणूस म्हणजे ती सोय नव्हे.

आता विचार करा, सहा आकड्यांचा ओटीपी सांगितल्याने तुम्ही जिवंत असल्याचं कसं सिद्ध होईल? तो तर तुमचा मोबाइल हातात असलेला कोणीही सांगू शकतो. स्वतःच्या फोनवर जीवन प्रमाणचं ॲप वापरताना नोंदणीसाठी ओटीपी येतो हे खरं. पण तो तुम्हीच, तुमच्याच ॲपमध्ये टाकता, कुणाला ऐकवत नाही. आणि त्यानंतरही चेहरा दाखवावा लागतोच. मामांना हे आधी कुणी समजावलं असतं तर ते त्या माणसाला म्हणाले असते, "अरे, मग माझा चेहरा कुठे बघितलास?"

मुदतीची घाईही अशीच तपासता येते. कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे कारखान्यांतून, खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची योजना. तिच्यात दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. त्या निवृत्ताला "३० नोव्हेंबर शेवटची तारीख" म्हणून घाई करणारा माणूस पहिल्याच वाक्यात उघडा पडतो. केंद्राच्या निवृत्तांसाठी महिना नोव्हेंबरचा, आणि ८० पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

समजा, चुकलाच महिना. आजारपण होतं, लेकीकडे परगावी होतात. पुढचं पेन्शन थांबेल. दाखला दिलात की पुन्हा सुरू होईल, आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळेल. पैसे बुडत नाहीत. थांबलेलं पेन्शन परत येतं, पण फोनवर गेलेले पैसे क्वचितच सगळे परत येतात. हे वाक्य मी मामांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

ओटीपी न सांगताही पैसे जातात

हे ऐकून काहीजणांना वाटेल, आपण ओटीपी सांगत नाही म्हणजे सुटलो. तसं नाही. व्हॉट्सॲपवर एखादी फाईल येते, नाव "जीवन प्रमाण" किंवा "पेन्शन फरक यादी" किंवा "ई-चलन", आणि नावाच्या शेवटी एपीके अशी इंग्रजी अक्षरं. ती फाईल म्हणजे यादी नसून ॲप असतं. उघडलं, "इन्स्टॉल"ला हो म्हटलं, मेसेज वाचायची परवानगी दिली, की पुढे तुमचे ओटीपी तुमच्या आधी चोर वाचतो. यादी म्हणून आलेली गोष्ट काही बसवायला सांगत असेल तर ती यादी नाही. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच, आणि तिथेही बनवणाऱ्याचं नाव बघून. "मी तुमचा फोन इथून दुरुस्त करतो" म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावणं, हा याचाच सख्खा भाऊ. चुकून असं काही टाकलं गेलं असेल, तर फोन लगेच विमान मोडवर टाकावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं.

लिंकबद्दल एक साधी युक्ती. आपण पत्ता लिहितो तेव्हा आधी घर, मग गल्ली, मग मुक्काम-पोस्ट, आणि शेवटी जिल्हा. पत्र कुठल्या जिल्ह्यात जाणार हे शेवटचा शब्द ठरवतो. संकेतस्थळाचंही तसंच. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा जो भाग, त्याचा शेवट बघायचा. सरकारी स्थळाचा शेवट "जीओव्ही डॉट इन" असा असतो, आणि तो शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने "बँक डॉट इन" असा खास शेवट ठरवून दिला आहे, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तिकडे जायचं होतं. "जीवनप्रमाण" हा शब्द सुरुवातीला कुणीही लावू शकतो, जसं कुणीही आपल्या बंगल्याला "मंत्रालय" नाव देऊ शकतो.

बोटाच्या ठशाचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि खेड्यापाड्यातल्या निवृत्तांसाठी फार महत्त्वाचं आहे. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे, पैसे काढता येतात. ओटीपी येत नाही. म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला जावं लागू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण जमिनीच्या खरेदीखतासारख्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, त्यांचे रबरासारखे खोटे ठसे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. उपाय आहे. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत ॲपमधून आपले ठसे, बुबुळं आणि चेहरा कुलूपबंद करता येतात. हे फुकट होतं. अडचण आली तर १९४७ हा आधारचा मदत क्रमांक आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, जीवन प्रमाण करायच्या दिवशी हे कुलूप उघडावं लागतं, नाहीतर "ठसा जुळत नाही" असं येतं आणि माणूस उगाच घाबरतो. मामींचं असंच झालं. पोस्टमन दारात, आणि कुलूप लावल्याचं आम्ही सगळेच विसरलो होतो.

आधारची प्रत द्यावी लागते तिथे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत देता येते, ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. पूर्ण प्रत द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहावं, "फक्त गॅस जोडणीसाठी", खाली तारीख आणि सही.

पेन्शनच्या खात्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ज्या खात्यात उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची) रक्कम आली, त्याच खात्यावरून भाजीवाल्याला यूपीआय करू नये. दुसरं लहान खातं काढावं, महिन्याच्या खर्चापुरते पैसे तिकडे वळवावेत आणि मोबाइलचे सगळे व्यवहार त्यावर ठेवावेत. मुख्य खात्याची ऑनलाइन मर्यादा शाखेत जाऊन कमी करून घ्यावी. मुदत ठेवी सुरक्षित आहेत असं आपण समजतो, पण नेट बँकिंग दुसऱ्याच्या हाती गेलं तर काही बँकांत ठेव मोडता येते किंवा तिच्यावर ऑनलाइन कर्जही उचलता येतं. ही सोय बंद करता येते का, हे शाखेत विचारून घ्या. आणि हे सगळं नवऱ्याला माहीत, बायकोला नाही, असं ठेवू नका. कुटुंब निवृत्तिवेतनावर आलेल्या बाईला पहिल्या काही महिन्यांत असे फोन येतात, घरात दुःख ताजं असतं, आणि कागद कुठे आहेत हेसुद्धा तिला नीट ठाऊक नसतं.

पैसे गेले तर

१९३० वर फोन करा. लगेच. कुठल्याही फोनवरून, शेजाऱ्याच्या फोनवरूनसुद्धा. हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा मदत क्रमांक आहे. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कमिशनवर दुसऱ्यांना वापरायला दिलेली खाती असतात, पैसे एकातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत जातात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. १९३० वर तक्रार नोंदली की ती पैसे पोचलेल्या बँकेला यंत्रणेतूनच कळते आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम गोठवली जाते. पैसे शेवटच्या एटीएमपर्यंत पोचायच्या आत ही साखळी तोडायची असते. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. त्याच वेळी बँकेला कळवून खातं थांबवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

बँकेला कळवण्याची वेळ कायद्याच्या दृष्टीनेही मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं: चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार रुपयांचा भार. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जाणारा प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणजे चूक आपली असली तरी फोन करायला उशीर लावू नये, उलट जास्तच घाई करावी. शिवाय जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम आहे, ग्राहकाचं नव्हे. शाखेत कुणी "तुम्हीच ओटीपी दिलात, आता काही होणार नाही" म्हणून परत पाठवू लागलं, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मामांनी यातलं काहीच त्या दिवशी केलं नाही. त्यांना पैसे गेल्याचं अकरा वाजताच कळलं होतं. त्यांनी मामींनाही सांगितलं नाही. दोन दिवस नीट जेवले नाहीत, पित्त झालंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामेभावाला सांगितलं, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुम्हाला एवढंही कळलं नाही?" तो मुलगा वाईट नाही, त्यालाही धक्का बसला होता. पण मामा तेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून दोन दिवस गप्प बसले होते. तोवर बहुतेक रक्कम रोखीने निघून गेली होती. तुमच्या घरात असं झालं तर आधी १९३० लावा. बोलायचं ते नंतर बोला, जमलं तर बोलूच नका. ज्याने फसवलं त्याच्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी आणि ६६ डी कलमांखाली गुन्हा आहे. फसलेल्या माणसाने कुठलाही गुन्हा केलेला नाही.

तिसऱ्या खात्यात २२ हजार रुपये गोठले. ते सोडवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता, त्यासाठी अर्ज केला आहे. मामा स्वतः तारखांना जातात. कागदांची फाईल त्यांनी जुन्या सवयीप्रमाणे लावली आहे, वर अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला क्रमांक. यंदा नोव्हेंबरच्या तीन तारखेला ते बँकेत गेले, यादीत नाव शोधून सही केली, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघांना जीवन प्रमाण कसं होतं ते समजावत अर्धा तास तिथेच थांबले.